ओटावात मुलांना फ्रेंच शाळेत घालायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघांनी पुण्यात फ्रेंच शिकून, टीईएफ परीक्षा देऊन, त्या गुणांच्या जोरावर कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवलीत. आता ओटावाला चाललात. मुलगी ४ वर्षांची, मुलगा १२ वर्षांचा, आणि दोघांनाही फ्रेंच येत नाही. ओंटारिओ प्रांत तर इंग्रजी बहुसंख्य. मग तिथली फ्रेंच माणसं रोज राहतात कशी, त्यांच्या शाळा कशा असतात, आणि आपल्या मुलांना त्यात घालावं का?

मी ओंटारिओतल्या फ्रेंच शाळांमध्ये शिकवते. नव्याने आलेली आणि फ्रेंच कच्चं असलेली मुलं हेच माझं रोजचं काम, आणि प्रवेश समितीच्या बैठकांनाही बसते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: मुलीला जरूर घाला, मुलाला घालू नका. कारणं समजून घ्यायची तर ही शाळा मुळात कोणाची आहे हे आधी कळायला हवं.

एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. ओटावात दोन शेजारी ‘आमची मुलं फ्रेंचमध्ये शिकतात’ म्हणाले तर ते दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असू शकतात. एक म्हणजे इमर्शन. ही इंग्रजी मंडळाची (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक ‘स्कूल बोर्डा’ची) शाळा. मुलं इंग्रजी घरांतली, कार्यालयातून येणारी पत्रं इंग्रजीत, मधल्या सुट्टीतला गलका इंग्रजीत. दिवसाचा काही भाग तेवढं शिकवणं फ्रेंचमधून. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सँ-लाँबेरमध्ये इंग्रजी पालकांच्या आग्रहावरून हा प्रकार सुरू झाला, आणि इंग्रजी मुलांना दुसरी भाषा देण्यासाठी तो चांगलाच आहे. दुसरी आहे ती फ्रेंच भाषकांची स्वतःची शाळा. तिचं मंडळ फ्रेंच, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे फ्रेंच बोलणारे, गणित, विज्ञान, पीटी, स्नेहसंमेलन, पालकसभा सगळं फ्रेंचमध्ये. इंग्रजी हा विषय चौथीपासून सक्तीचा. अशी १२ मंडळं ओंटारिओत आहेत, ४ सार्वजनिक आणि ८ कॅथलिक. १९९८ पासून ती स्वतंत्र आहेत, आणि सगळी सरकारी पैशांवर चालतात, म्हणजे फी नाही. ओटावात दोन्ही प्रकारची आहेत. कॅथलिक मंडळाच्या शाळांत इतर धर्मांची मुलंही दिसतात, पण धर्मशिक्षणाचा तास असतो आणि सणवार त्यांचे असतात. ते चालणार असेल तरच तिकडे बघा.

इमर्शनला प्रवेश मागायला कोणतीही पूर्वअट लागत नाही. फ्रेंच शाळेचं तसं नाही, तिथे हक्काचा प्रश्न येतो.

कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेतलं २३ वं कलम सांगतं की फ्रेंच बहुसंख्य असलेल्या क्वेबेक प्रांताबाहेर फ्रेंच शाळेचा हक्क कोणत्या नागरिकांना आहे: ज्यांची मातृभाषा फ्रेंच आहे आणि अजून समजते, जे स्वतः कॅनडात प्राथमिक शाळा फ्रेंचमधून शिकले, किंवा ज्यांचं एखादं मूल कॅनडात फ्रेंचमधून शिकत आहे वा शिकलं आहे. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही. तुम्ही अजून नागरिक नाही, आणि फ्रेंच तुमची शिकून आलेली भाषा. म्हणून तुमचा अर्ज प्रवेश समितीपुढे येईल. समितीत शाळेचे मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि मंडळाचा पर्यवेक्षक अधिकारी असे तिघे असतात.

याला घाबरू नका. २००९ पासून प्रांताचं धोरणच असं आहे की नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी दार उघडं ठेवायचं. त्याच वर्षी ओंटारिओने ‘फ्रेंच भाषक’ कोणाला म्हणायचं याची व्याख्याही रुंद केली. मातृभाषा तिसरीच असली तरी ज्यांना फ्रेंच चांगलं येतं आणि जे ते घरी वापरतात, तेही आता त्यात मोडतात. माझ्या वर्गात काँगो, कॅमेरून, हैती, लेबनॉन, मोरोक्को, जिबूती इथल्या घरांतली मुलं असतात. तुमची मुलगी वर्गात वेगळी वगैरे दिसणार नाही.

समितीपुढे परीक्षेचा निकाल सुरुवातीलाच पुढे करू नका. आम्हाला तुमचे गुण नको असतात. आम्हाला बघायचं असतं की शाळेचं पत्र घरी वाचेल कोण, शिक्षकांशी फ्रेंचमध्ये बोलेल कोण, संध्याकाळी पुस्तक घेऊन मुलाजवळ बसेल कोण. ‘फ्रेंच आलं की सरकारी नोकरी मिळते’ हे खरं असलं तरी एवढंच उत्तर ऐकलं की समितीतले चेहरे पडतात. एका आईने अडखळत, लिंग-वचनाच्या चुका करत सांगितलं होतं की ती रोज झोपण्याआधी मुलाला एक गोष्ट फ्रेंचमध्ये वाचून दाखवते आणि न कळलेले शब्द सकाळी बसमध्ये शोधते. त्या प्रवेशाला कोणीही हरकत घेतली नाही.

आणि एक गोष्ट, जी इथे येऊन बरीच वर्षं झालेल्यांनाही माहीत नसते. मुलगी आज समितीच्या संमतीने आत गेली, की उद्या तुम्ही नागरिक झाल्यावर त्याच २३ व्या कलमाने तुम्ही हक्कदार होता. मग पुढच्या भावंडाला समितीची गरज नाही. मुलीने प्राथमिक शाळा फ्रेंचमधून पुरी केली आणि ती नागरिक झाली, तर तिच्या मुलांनाही हा हक्क मिळतो, त्या वेळी घरात फ्रेंच उरलं असो वा नसो. समिती तुमच्या कुटुंबाच्या पुढच्या पिढ्यांना आत घेत असते, म्हणून ती इतके प्रश्न विचारते.

एवढी काळजी का, हे इथला इतिहास माहीत असल्याशिवाय कळणार नाही. १९१२ साली ओंटारिओ सरकारने ‘नियम १७’ काढला. पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवणं बंद. ओटावातल्या गिग शाळेत बेआत्रिस आणि दियान देलोज या दोन बहिणींनी नियम धुडकावून शिकवणं चालू ठेवलं. जानेवारी १९१६ मध्ये त्यांना वर्गातून काढायला पोलीस येऊ लागले, तेव्हा मुलांच्या आया टोपीच्या लांब पिना, कात्र्या, लाटणी घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. या नियमाविरुद्ध लढायला १९१३ मध्ये ‘ल द्रुआ’ हे वृत्तपत्र निघालं. ते आजही चालू आहे. नियमाची अंमलबजावणी १९२७ मध्ये थांबली, आणि सरकारने माफी मागितली ती २०१६ मध्ये. सरकारी खर्चाच्या फ्रेंच माध्यमिक शाळा तर १९६८ च्या कायद्यापर्यंत नव्हत्याच. दहावी-बारावीसाठी खासगी शाळेचे पैसे भरा, नाहीतर इंग्रजीत जा. ओंटारिओतल्याच पेनेटांगविशीन गावात १९७९ साली पालकांनी स्वतंत्र हायस्कूल मिळत नाही म्हणून स्वतःच शाळा भरवली. १९९० मध्ये एडमंटनच्या पालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क नुसत्या वर्गखोलीचा नाही, पुरेशी मुलं असतील तिथे शाळेचा कारभारही फ्रेंच भाषकांच्या हाती हवा. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

आणि लढाई संपलेली नाही. व्हँकूव्हरच्या रोझ-दे-व्हाँ शाळेच्या पालकांना २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, कारण शेजारच्या इंग्रजी शाळांच्या मानाने त्यांची शाळा दाटीवाटीची होती, काही वर्गांना खिडक्या नव्हत्या, आणि बहुतेक मुलांना लांबचा बसप्रवास होता. बसचं तुमच्याही बाबतीत खरं ठरेल. फ्रेंच शाळा विरळ, त्यामुळे पिवळी बस मोठा फेरा घेते. घर भाड्याने घेण्याआधी पत्ता मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून कोणती शाळा लागते आणि बस किती वेळ घेते ते बघाच.

आता शाळेच्या आत. वर्गात सगळं छान चालतं. चार वर्षांची मुलं पहिले काही महिने गप्प बसतात, बघतात, गाण्यांतून शब्द उचलतात, आणि वसंत येईपर्यंत बोलू लागतात. ज्यांना मदत लागते त्यांच्यासाठी दोन कार्यक्रम आहेत: एएलएफ हा भाषा भक्कम करण्यासाठी, आणि पाना हा इथल्या शाळेची, समाजाची ओळख नसलेल्या नवागतांसाठी. दोन्हींना पैसे पडत नाहीत. बालवाडीच्या वयात मुलं हे अंतर लवकर भरून काढतात, आणि मी मुलीबद्दल इतक्या खात्रीने बोलते ते म्हणूनच.

खरी परीक्षा मधल्या सुट्टीत असते. घंटा होते, बर्फातले बूट, स्नोपँट, हातमोजे चढवायची झटापट होते, आणि आत्ताच मला ‘मादाम, ज प्यू आले बुआर?’ असं विचारून पाणी प्यायला गेलेली मुलगी अंगणात पाऊल टाकता टाकता मैत्रिणीला ओरडते, ‘वेट फॉर मी!’ तिच्या घरी आई फ्रेंच, बाबा इंग्रजी. इथे अशी मिश्र घरं फार आहेत. हॉकीचा प्रशिक्षक इंग्रजी, व्हिडिओ गेम इंग्रजी, शेजारचा दोस्त इंग्रजी. मुलांना इंग्रजी शिकवावं लागत नाही, ते हवेतून येतं. फ्रेंचला मात्र रोज कोणीतरी जागा करून द्यावी लागते. शाळा म्हणून आम्ही सुट्टीत खेळ आखतो, मोठ्या वर्गांतली मुलं धाकट्यांना घेऊन खेळतात. ‘फ्रेंच बोल!’ असं दरडावून काहीच साधत नाही. उलट त्या भाषेचा शिक्षेशी संबंध जुळतो.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे लाज. इथल्या फ्रेंच माणसाला आपल्या बोलीबद्दल सतत टोकलं जातं. क्वेबेकचा माणूस हसतो, फ्रान्सचा माणूस सुधारतो, आणि ओटावातला दुकानदार उच्चार ऐकून इंग्रजीत उत्तर देतो. असं दहा-बारा वेळा झालं की पोरगं फ्रेंच बोलायचंच सोडतं. तुम्ही पुण्यात पॅरिसचं फ्रेंच शिकलात. इथे दुपारच्या जेवणाला ‘दिने’ म्हणतात, रात्रीच्या जेवणाला ‘सुपे’, आणि ईमेलला ‘कुरिएल’. मुलीने शाळेतून असं काही आणलं तर ते चुकीचं म्हणून दुरुस्त करू नका. हे इथल्या माणसांचं फ्रेंच आहे, आणि तिला याच माणसांत राहायचं आहे.

घरी काय बोलायचं, हा प्रश्न प्रत्येक मराठी पालक विचारतो. घरी मराठीच बोला. मुलीशी तुम्ही मोडक्या फ्रेंचमध्ये बोललात तर तिला ना धड फ्रेंच मिळेल ना मराठी. मराठीत भरपूर गप्पा मारणारं, गोष्टी ऐकणारं मूल फ्रेंचही लवकर उचलतं, हे मी वर्गात रोज बघते. फ्रेंचसाठी वेगळी वेळ ठेवा: रोज एक पुस्तक, तेही मोठ्याने. ओटावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात फ्रेंच बालपुस्तकं भरपूर आहेत. टीव्ही लावायचाच तर टीएफओ लावा, ती ओंटारिओची स्वतःची फ्रेंच वाहिनी आहे. पोहण्याचा, स्केटिंगचा वर्ग निवडताना शहराच्या यादीत फ्रेंच वर्ग शोधा. शाळेबाहेर फ्रेंच बोलणारी दोन-चार मुलं तिला भेटली की निम्मं काम झालं. इंग्रजीची काळजी तर मुळीच नको. या शाळांतून बारावी झालेली मुलं प्रांताचाच पदविका-दाखला घेऊन इंग्रजी विद्यापीठांत बिनदिक्कत जातात.

शाळेबाहेरचं जगणं गावागणिक बदलतं. उत्तरेकडच्या हर्स्टमध्ये किंवा ओटावाच्या पूर्वेला हॉक्सबरीकडे तुम्ही दिवसभर फ्रेंचमध्ये राहू शकता. विंडसरमध्ये त्यासाठी ठरवून माणसं गाठावी लागतात. ओटावा मधोमध: ऑर्लियाँ आणि व्हानिए भागांत फ्रेंच कानावर पडतं, नदीपलीकडचं गातिनो तर क्वेबेकमध्येच, आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमुळे दोन्ही भाषा चालणारी माणसं पुष्कळ.

प्रांताच्या १९८६ च्या कायद्याने ठरावीक भागांत सरकारी सेवा फ्रेंचमध्ये मिळायलाच हवी. भाग ठरवायचा निकष म्हणजे लोकसंख्येच्या १० टक्के किंवा शहरात ५,००० फ्रेंच भाषक. ओटावा त्यात आहे. म्हणजे परवाना काढायला गेलात तर फ्रेंचमध्ये बोलायचा तुम्हाला हक्क आहे. पण खिडकीपलीकडचा माणूस ‘हेलो’ म्हणाला की रांगेतली फ्रेंच माणसंही मागच्यांचा खोळंबा नको म्हणून इंग्रजीत वळतात. मी पालकांना सांगते, ‘बोंजूर’ म्हणा आणि थांबा. फ्रेंच बोलणारा कर्मचारी येईपर्यंत पाच मिनिटं जातील, जाऊ द्या. मागणीच दिसली नाही तर सेवा कागदावरच राहते. २०२० पर्यंत तर वाहन परवान्यावर नावातल्या फ्रेंच मात्राचिन्हांनासुद्धा जागा नव्हती. खासगी दुकानांना असलं काही बंधन नाही.

सगळ्यांत अवघड आहे ते डॉक्टर मिळणं. फॅमिली डॉक्टर इंग्रजी बोलणारा मिळतानाही मारामार, तिथे फ्रेंच बोलणारा आणखी दुर्मीळ. मुलांच्या वाचादोषावर उपचार करणारे फ्रेंच तज्ज्ञही कमीच. म्हातारपणी, विशेषतः स्मृतिभ्रंशात, माणसं नंतर शिकलेली भाषा विसरतात आणि पहिल्या भाषेवर येतात; तेव्हा परिचारिकेला ती भाषा येत नसेल तर दुखतंय कुठे हेसुद्धा सांगता येत नाही. १९९७ मध्ये ओटावाचं माँफोर रुग्णालय बंद करायचा निर्णय झाला, तेव्हा हजारो माणसं एकत्र आली. जिझेल लालोंद यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीने सरकारला कोर्टात खेचलं आणि २००१ मध्ये अपील न्यायालयात लढा जिंकला. माँफोर आज चालू आहे, आणि रुग्णाशी फ्रेंचमध्ये बोलू शकणारं रुग्णालय म्हणजे काय हे बघायचं असेल तर तिथे जाऊन बघा. २०१८ च्या नोव्हेंबरात सरकारने फ्रेंच भाषा आयुक्ताचं स्वतंत्र कार्यालय आणि होऊ घातलेलं फ्रेंच विद्यापीठ दोन्हींवर कुऱ्हाड चालवली, तेव्हा १ डिसेंबरला प्रांतभर पुन्हा लोक रस्त्यावर उतरले. ते विद्यापीठ शेवटी उभं राहिलं. टोरांटोत २०२१ च्या सप्टेंबरात पहिले विद्यार्थी आले.

दरवर्षी २५ सप्टेंबरला शाळेत सगळे हिरवे-पांढरे कपडे घालून येतात. हिरवा-पांढरा हा इथल्या फ्रेंच समाजाचा झेंडा. १९७५ साली याच दिवशी तो सडबरीत पहिल्यांदा फडकला. त्या दिवशी मुलीला हिरवं काहीतरी घालून पाठवा आणि जमलं तर स्वतः या. शाळा वर्षभरात पालकांना अनेकदा बोलावते, पण पालकांची एकमेकांशी ओळख खरी होते ती या दिवशी.

शाळांच्या उणिवाही सांगते, नाहीतर चित्र अर्धं राहील. फ्रेंच शिक्षकांची टंचाई गंभीर आहे. एखाद्या वर्गाला वर्षभरात दोन-तीन शिक्षक बदललेले मी पाहिले आहेत. हायस्कूलमध्ये मुलं कमी, म्हणून विषयांचे पर्याय कमी, खेळांचे संघ लहान. आठवीनंतर बरीच मुलं याच कारणाने इंग्रजी हायस्कूलमध्ये निघून जातात, आणि ज्यांच्या घरी फ्रेंच नाही ती आधी जातात. मुलगी सातवीत गेली की तिच्याशी याबद्दल बोलायला सुरुवात करा, आणि हायस्कूल आठवीच्या आधीच आतून पाहून या.

आता मुलगा. बारा वर्षांचा, म्हणजे सातवीच्या आसपास. त्याला इतिहास-भूगोल, विज्ञान, निबंध सगळं अशा भाषेत करावं लागेल जी त्याला येत नाही, आणि तेही देश, मित्र, हवामान सगळं एकदम बदललेलं असताना. समिती या वयात बहुधा नाही म्हणेल, आणि मला ते योग्य वाटतं. या वयाच्या मुलाला वर्गात दोन विनोद करता आले नाहीत, वाद घालता आला नाही, तर तो मिटतो. त्याला जवळच्या इंग्रजी शाळेत घाला; पुण्यात इंग्रजी माध्यमात असेल तर तो पहिल्या महिन्यात रुळेल. तिथेही आठवीपर्यंत फ्रेंच हा विषय सक्तीचा आहे आणि नववीत त्याचा एक क्रेडिट लागतो, तेवढं फ्रेंच त्याला मिळेलच. ‘बहिणीच्या प्रवेशामुळे यालाही हक्क मिळेल ना?’ असं तुम्ही विचाराल. कायद्याने मिळेल, पण नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहायला हवं. तोवर तो दहावी-अकरावीत असेल आणि शाळा बदलण्यात अर्थ नसेल. दोन मुलं दोन शाळांत म्हणजे दोन बस आणि दोन पालकसभा, याची तयारी ठेवा.

मुलीचा प्रवेश ‘मातेर्नेल’मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ४ पूर्ण होतात त्या वर्षीच्या सप्टेंबरात. नोंदणीची मोहीम साधारण हिवाळ्यात असते, पण नंतर आलेल्यांनाही घेतात, म्हणून उशीर झाला असं समजून इमर्शनचा फॉर्म भरून टाकू नका. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, पीआरचे कागद आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. लसीकरणाची नोंद मराठीत असेल तर पुण्यातूनच भाषांतर करून आणा. शाळेला पहिला फोन फ्रेंचमध्ये करा, आणि समितीच्या बैठकीला आई-बाबा दोघेही या. मुलीकडून मात्र त्या दिवसासाठी फ्रेंच वाक्यं पाठ करून घेऊ नका, चार वर्षांच्या मुलीकडून आम्हाला तसलं काहीच नको असतं.